खो-खो ब्राउझरमध्ये आणताना एजंटला काय काय सांगावं लागतं

कोडिंग एजंटला, म्हणजे सांगितलेलं ऐकून स्वतः कोड लिहिणाऱ्या एआय प्रोग्रामला, नुसतं ‘खो-खोचा गेम बनव’ म्हटलं तर काही मिनिटांत गेम तयार होतो, फक्त तो खो-खो नसतो. हिरवं मैदान असतं, रांगेत आठ ठिपके असतात आणि मागे लागणारा एक लाल ठिपका असतो. हा लाल ठिपका मनाला येईल तिकडे वळतो आणि बसलेल्यांच्या मधून आरपार जातो. थोडक्यात ती पकडापकडी असते आणि आठ गडी शोभेला बसवलेले असतात. जे सांगितलं नाही ते एजंट त्याला माहीत असलेल्या सर्वांत सामान्य खेळावरून भरून काढतो. त्यामुळे ‘अजून चांगला कर’ असं दहा वेळा सांगितलं तरी ठिपक्यांना सावल्या येतात, धूळ उडते, पण नियम येत नाहीत.

खो-खोचे नियम पहिल्यांदा व्यवस्थित लिहून काढले गेले ते इथेच, १९१४ साली पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर. तेच काम आता एजंटसाठी पुन्हा करायचं आहे, आणि यावेळी आकड्यांत.

आधी तयारी, थोडक्यात. रिकामं फोल्डर घ्या, त्यात गिट (कोडच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारं साधन) सुरू करा आणि मग एजंट उघडा. क्लॉड कोड, कोडेक्स, कर्सर, जेमिनी सीएलआय यांपैकी कोणताही चालेल. या कामापुरता त्यांच्यातला फरक लोक भांडतात तेवढा मोठा नाही. फोल्डरमध्ये एक सूचनांची फाईल ठेवा. क्लॉड कोड ‘क्लॉड डॉट एमडी’ वाचतो, बाकीचे बरेचसे ‘एजंट्स डॉट एमडी’ वाचतात. तिच्यात पाच-सहा ओळी पुरतात: साधं जावास्क्रिप्ट आणि कॅनव्हास (ब्राउझरमधली चित्र काढायची पाटी), बाहेरची लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) नाही, नियमांची फाईल वेगळी आणि चित्र काढण्याची वेगळी, सगळी मापं मीटर आणि सेकंदात, पडद्यावरचा सगळा मजकूर एकाच फाईलमध्ये.

लायब्ररी का नको? गेमसाठीची फेजर ही लायब्ररी उत्तम आहे, पण फेजर २ आणि फेजर ३ यांची लिहिण्याची पद्धत वेगळी आहे, आणि जुन्या उदाहरणांचा साठा इतका मोठा आहे की एजंट दोन्हींची भेळ करतो. त्रिमिती चित्रांच्या थ्री-जेएस लायब्ररीचंही तसंच: ‘जॉमेट्री’ हा जुना वर्ग (क्लास) २०२१ मध्ये आर-१२५ आवृत्तीत मुख्य लायब्ररीतून काढला गेला, तरी तो अधूनमधून कोडमध्ये उगवतो. लायब्ररी घ्यायचीच असेल तर नेमकी आवृत्ती सूचनांच्या फाईलमध्ये लिहा आणि तीच फाईल फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. वरून पाहिलेल्या मैदानावर बारा ठिपके पळवायला मात्र कॅनव्हास पुरेसा आहे.

आणखी एक अडचण पहिल्याच दिवशी येते. एचटीएमएल फाईलवर डबल-क्लिक केलं की पान पांढरंच राहतं. जावास्क्रिप्ट मॉड्यूलमध्ये विभागलेलं असलं तर थेट डिस्कवरून उघडलेल्या पानात ब्राउझर ते चालू देत नाही. पायथनचा साधा सर्व्हर पोर्ट ८००० वर चालू करून ‘लोकलहोस्ट’वरून उघडा. नाहीतर एजंटला नुसतं ‘चालत नाही’ सांगाल आणि तो चांगला कोड विस्कटून ठेवेल.

नियम आकड्यांत

मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. एका मीटरला ४० पिक्सेल धरले की १०८० बाय ६४० चा कॅनव्हास मिळतो. मध्यपट्टी ३० सेंटिमीटर रुंद, म्हणजे पडद्यावर १२ पिक्सेल. खांब दोन्ही टोकांना, कडेपासून दीड मीटर आत. मध्ये उरलेल्या २४ मीटरमध्ये आठ चौकोन गेमपुरते सारख्या अंतरावर ठेवा. खरा पाठलागाचा डाव ९ मिनिटांचा असतो, पण फोनवर तेवढा वेळ कोणी बसत नाही, ९० सेकंद ठेवा. पळणारे तीन-तीनच्या तुकडीने येतात.

हे सगळं प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला लिहून द्यायच्या सूचनेत, जातं, पण खेळाचा जीव पुढच्या भागात आहे. तो असा लिहा:

‘पाठलाग करणारा मध्यपट्टी ओलांडू शकत नाही. पळणारा कुठूनही ओलांडू शकतो. पाठलाग करणाऱ्याने एकदा खांबाकडे दिशा धरली की त्या बाजूचा खांब पार केल्याशिवाय उलट वळता येत नाही. खांबापलीकडे गेल्यावर तो बाजू बदलू शकतो. बसलेले आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात. खो फक्त पाठीमागून देता येतो. खो देणारा लगेच त्याच चौकोनात, त्याच दिशेला तोंड करून बसतो. उठणारा ज्या बाजूला तोंड होतं त्या बाजूला उतरतो आणि त्याची दिशा अजून ठरलेली नसते. नियम मोडला तर फाऊल: त्या क्षणी केलेलं बाद धरायचं नाही.’

या परिच्छेदातून एक गोष्ट निघते आणि ती एजंटला वेगळी सांगण्यासारखी आहे. खो पाठीमागून द्यायचा आणि उठणाऱ्याने समोर उतरायचं, म्हणजे प्रत्येक खोबरोबर पाठलागाची बाजू बदलते. पाठलाग करणारा स्वतः मध्यपट्टी ओलांडू शकत नाही, पण खो ओलांडतो. कोणत्याही क्षणी आठांपैकी चौघांनाच खो देता येतो, बाकीच्या चौघांची तोंडं तुमच्याकडे असतात. एजंटने समोरून खो देऊ दिला तर सगळा डावपेच संपतो. म्हणून स्पष्ट वाक्य लिहा: ‘प्रत्येक खोनंतर पाठलागाची बाजू बदललीच पाहिजे. बदलली नाही तर तो बग आहे.’

कोणते नियम हवेत तेही सांगा. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम २०२२ मध्ये बालेवाडीत झाला, आणि त्या लीगमध्ये ‘वजीर’ नावाचा गडी कोणत्याही दिशेला धावू शकतो. एजंटला नियम इंटरनेटवरून शोधायला सांगितलं तर तो पारंपरिक खेळात वजीर आणून बसवण्याची शक्यता बरीच असते.

प्रॉम्प्ट मराठीत लिहिला तर चालतो का? चालतो. देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (एजंट मजकूर ज्या तुकड्यांत वाचतो ते) लागतात, पण एवढ्या मजकुरात त्याचं काही वाटत नाही. खरा घोळ नावांचा होतो. ‘पाठलाग करणारा’ एका फाईलमध्ये चेसर होतो, दुसऱ्यात अटॅकर, तिसऱ्यात सीकर. म्हणून सुरुवातीलाच छोटा कोश द्या: कोणत्या मराठी शब्दाला कोडमध्ये कोणतं नाव. दहा शब्द पुरेत.

आता क्रम. सगळं एकदम मागू नका. आधी मैदान आणि बसलेले गडी, नुसते चौकोन. मग पाठलाग करणारा, दिशेच्या नियमासकट. मग खो. मग एक पळणारा, तो माणसाने चालवायचा. मग संगणकाचे पळणारे. मग वेळ आणि गुण. आवाज, रंग, धूळ शेवटी. प्रत्येक पायरी चालली की कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंद. एजंट एखाद्या बगमध्ये अडकला आणि तिसऱ्या दुरुस्तीनंतरही तोच बग असेल, तर चौथी मागू नका. मागच्या कमिटवर जा, नवं संभाषण उघडा आणि पायरी अर्धी करून सांगा. लांबलेल्या संभाषणात त्याच्याच फसलेल्या प्रयत्नांचा ढीग साचतो आणि तो त्यातूनच पुन्हा पुन्हा उचलत राहतो.

डोळ्यांनी नव्हे, मोजून तपासा

कोड वाचून एजंट ठामपणे सांगतो की नियम पाळले आहेत. त्याच्या ठामपणाला किंमत शून्य. नियमांची फाईल वेगळी ठेवण्याचा फायदा इथे होतो: ती ब्राउझरशिवाय, नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवर) चालवता येते. एजंटला सांगा की दोन्ही बाजू संगणकाने खेळायच्या, १००० डाव चालवायचे आणि प्रत्येक पावलाला, म्हणजे गेमच्या हिशेबाच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला, पुढच्या गोष्टी तपासायच्या. बसलेले नेहमी आठच. पाठलाग करणारा मध्यपट्टीत कधीच नाही. खोनंतर बाजू बदललेली. खांब पार न करता दिशेचं चिन्ह बदललेलं नाही. मैदानावर पळणारे तीनपेक्षा जास्त नाहीत. सेकंदाला ६० पावलं धरली तर ९० सेकंदांचा डाव ५४०० पावलांचा, आणि हजार डाव ५४ लाख पावलांचे. साध्या लॅपटॉपला एवढ्यासाठी फार थांबावं लागत नाही.

यासाठी यादृच्छिक आकडे सीड (सुरुवातीचा ठरावीक आकडा) देऊन काढायला सांगा. जावास्क्रिप्टच्या ‘मॅथ डॉट रँडम’ला सीड देता येत नाही, त्यामुळे ४१७ व्या डावात बग सापडला तर तोच डाव पुन्हा चालवता येत नाही. मलबेरी-३२ सारखं चार-पाच ओळींचं फंक्शन पुरतं.

याच हजार डावांतून समतोलही साधतो. सुरुवातीला पाठलाग करणाऱ्याला सेकंदाला ६ मीटर आणि पळणाऱ्याला ५.६ मीटर वेग द्या, हाताची पोच ८० सेंटिमीटर. लगेच दिसेल की संगणकाचे पळणारे जवळजवळ पकडलेच जात नाहीत. कारण वेगाचं नाही. त्यांना पाठलाग करणाऱ्याची जागा त्याच क्षणी कळते आणि ते खो पडायच्या आधीच हुलकावणी देतात. त्यांना १५ पावलं जुनी जागा दाखवा, म्हणजे पाव सेकंदाचा उशीर. माणूसही साधारण तेवढाच उशिरा हलतो. मग आकडे माणसात येतात. डावाला सरासरी चार ते सहा गडी बाद व्हावेत असं ठरवून एजंटला उशीर आणि वेग हे दोनच आकडे बदलू द्या. तिसरा आकडा हातात दिलात तर काय कशामुळे बदललं ते कळत नाही.

चित्र बरोबर दिसतंय का हे बघायला एजंटला प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाने पान उघडून स्क्रीनशॉट घेऊ द्या. बसलेल्याचं तोंड उलटीकडे आहे, गुण मैदानाबाहेर गेलेत अशा चुका तो चित्रावरून स्वतः पकडतो. हाताला खेळ जड वाटतोय का, हे मात्र चित्रात येत नाही. ते खेळूनच बघावं लागतं.

एका फोनवर वेगवान, दुसऱ्यावर संथ

हा बग जवळजवळ हमखास येतो. पुढची फ्रेम काढायचं ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’चं काम ब्राउझर पडद्याच्या गतीने बोलावतो. एजंटने ‘दर फ्रेमला ४ पिक्सेल’ लिहिलं असेल तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर सेकंदाला २४० पिक्सेल, म्हणजे आपले ६ मीटर. तोच गेम १२० हर्ट्झच्या फोनवर सेकंदाला १२ मीटर पळतो. उसेन बोल्टचा सर्वोच्च वेग याच्या थोडाच वर होता. म्हणून पावलं ठरावीक, १/६० सेकंदाची. गेलेला वेळ साठवायचा आणि त्यातून जितकी पूर्ण पावलं निघतील तितकी चालवायची.

त्यातच दुसरी मेख आहे. मध्येच व्हॉट्सॲप बघायला गेलात की मागचा टॅब थांबतो. पाच सेकंदांनी परत आलात आणि गेलेला सगळा वेळ एकाच पावलात मोजला, तर गडी ३० मीटर पुढे. मैदानच २७ मीटरचं आहे. गेलेला वेळ ०.१ सेकंदाच्या वर मोजायचा नाही आणि टॅब लपला की डाव थांबवायचा, या दोन ओळी प्रॉम्प्टमध्ये असूच देत.

मध्यपट्टीच्या फाऊलचंही या पावलाशी नातं आहे. १/६० सेकंदात गडी १० सेंटिमीटर सरकतो, त्यामुळे ३० सेंटिमीटरच्या पट्टीत तो सापडतोच. पण पाऊल ठरावीक नसेल आणि जुना फोन सेकंदाला दहाच फ्रेम काढत असेल, तर एका पावलात ६० सेंटिमीटर जातात. गडी पट्टीवरून उडी मारून पलीकडे जातो आणि फाऊल लागत नाही. ‘गडी पट्टीत आहे का’ असं न तपासता ‘आधीची बाजू आणि आताची बाजू वेगळी आहे का’ असं तपासायला सांगा.

पडद्यावर सगळं धूसर दिसत असेल तर डिव्हाइस पिक्सेल रेशोचा (पानाच्या एका पिक्सेलमागे पडद्याचे किती, त्या गुणोत्तराचा) विसर पडलेला असतो. कॅनव्हासची आतली मापं त्या गुणोत्तराने वाढवा, पण २ च्या वर नेऊ नका. ३ केलं तर भरायचे पिक्सेल सव्वादोनपट होतात आणि फोन तापतो.

मराठीच्या खास खोड्या

इंग्रजी गेम बनवणाऱ्यांना या सापडत नाहीत, म्हणून एजंटच्या कोडमध्येही त्यांची काळजी घेतलेली नसते.

कीबोर्ड. डब्ल्यू-ए-एस-डी या कळांनी गडी हलवायचा असेल तर एजंट बहुधा ‘इव्हेंट डॉट की’ वापरतो, म्हणजे कोणतं अक्षर उमटलं ते. खेळणाऱ्याचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर असेल तर डब्ल्यूच्या जागी दोन मात्रा उमटतात, एच्या जागी ‘ो’, एसच्या जागी ‘े’ आणि डीच्या जागी हलन्त. गडी जागचा हलत नाही. ‘इव्हेंट डॉट कोड’ कळेची जागा सांगतो, तो वापरायचा.

मजकूर. शक्य तेवढा मजकूर कॅनव्हासवर न काढता वर ठेवलेल्या साध्या एचटीएमएलमध्ये ठेवा, आणि पानाची भाषा ‘एमआर’ करा. एजंट ती ‘ईएन’ ठेवतो. भाषा बरोबर असली की ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात मराठी वळणाचे ल आणि श मिळतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. फेजरमधलं बिटमॅप टेक्स्ट देवनागरीला निरुपयोगी आहे, कारण ते एकेक चिन्ह शेजारी ठेवत जातं आणि जोडाक्षरं, वेलांट्या जुळत नाहीत. त्याचं साधं टेक्स्ट चालतं, पण ओळीची उंची इंग्रजी अक्षरांवरून मोजली जाते आणि रफार, मात्रा वरून कापल्या जातात. वर-खाली थोडं पॅडिंग द्या.

अक्षर-अक्षर उमटणारा मजकूर हवा असेल तर तेही जपून. ‘खेळाडू’ कोडच्या दृष्टीने सहा चिन्हं आहेत, आपल्या दृष्टीने तीन अक्षरं. सहा टप्प्यांत उमटवलं तर मध्येच ‘ख’ दिसतो आणि मग त्याला मात्रा चिकटते. ‘इंटल डॉट सेग्मेंटर’ने तोडायला सांगा. जुन्या ब्राउझरमध्ये जोडाक्षर तरीही तुटू शकतं.

आकड्यांना ‘एमआर-आयएन’ लोकेल (भाषा आणि देशाची खूण) दिलं की १,२३,४५६ असे देवनागरी आकडे आपसूक येतात. आणि एजंटने लिहिलेली मराठी वाचून घ्या. ‘खेल शुरू करें’ची सावली ‘खेळ शुरू करा’ अशी उरतेच. फाऊलच्या सूचना तर स्वतःच लिहा. ‘नियम मोडला आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करा’पेक्षा ‘खांब तिकडे आहे. डोळे उघडे ठेवून पळावे.’ हे पुण्यातल्या गेमला शोभून दिसतं.

फोन, आवाज आणि प्रकाशन

आडव्या फोनची ब्राउझरला दिसणारी मापं साधारण ८०० बाय ३६० पिक्सेल धरा. आपलं मैदान त्यात ३६० उंचीचं आणि ६०७ रुंदीचं बसतं, दोन्ही बाजूंना सुमारे ९६ पिक्सेलच्या पट्ट्या उरतात. दिशा डावीकडच्या पट्टीत, ‘खो’चं बटण उजवीकडच्या. मैदानावर बटणं ठेवली तर अंगठ्याखाली खांब लपतो, आणि नेमका तिथेच वळायचं असतं. ब्राउझरची पट्टी थोडी उंची खाते, म्हणून उंची ‘व्हीएच’ऐवजी ‘डीव्हीएच’मध्ये (प्रत्यक्ष दिसणाऱ्या उंचीप्रमाणे बदलणाऱ्या मापात) द्या. बोटाने पान सरकू नये म्हणून ‘टच-ॲक्शन’ बंद करा.

फोनवर तपासायला लॅपटॉप आणि फोन एकाच वाय-फायवर घ्या आणि लॅपटॉपचा आयपी पत्ता, पुढे ८०००, असं उघडा. ऑफिसच्या किंवा कॅफेच्या वाय-फायवर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नसतील तर फोनचाच हॉटस्पॉट चालू करा.

‘खो’चा आवाज स्वतःच रेकॉर्ड करा. अर्ध्या सेकंदाची मोनो वेव्ह फाईल ४४ किलोबाइटच्या आसपास होते, एमपी-३ची गरजही नाही. खेळणाऱ्याने पडद्याला हात लावेपर्यंत ब्राउझर आवाज सुरू होऊ देत नाही, म्हणून ऑडिओ जागा करण्याचं काम ‘सुरू करा’ या बटणालाच जोडा. चित्रं हवी असतील तर केनी या गेमच्या चित्रांच्या साइटवरच्या संचांचा परवाना सीसी-झीरो, म्हणजे कुणीही मुक्तपणे वापरावं असा, आहे. एजंटने कुठूनतरी दुवा देऊन आणलेली चित्रं मात्र काढून टाका.

इच-डॉट-आयओ या गेम प्रकाशित करायच्या साइटवर चढवताना ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ झिपच्या मुळाशीच हवी, आतल्या फोल्डरमध्ये नको. उघडल्यावर १००० पर्यंत फाईली आणि एकूण ५०० एमबी ही तिथली मर्यादा. आपला गेम एक एमबीच्याही आत राहील, पण चुकून ‘नोड मॉड्यूल्स’ हे नोडच्या लायब्रऱ्यांचं फोल्डर झिपमध्ये गेलं तर हजाराचा आकडा लगेच ओलांडतो. फाईलींच्या नावांत लहान-मोठी इंग्रजी अक्षरं जुळलेली हवीत. विंडोजवर चाललेलं तिथे चालत नाही ते बहुधा यामुळेच. उच्चांक ब्राउझरच्या ‘लोकल स्टोरेज’ या साठवणीत ठेवत असाल तर वाचणं आणि लिहिणं दोन्ही चूक पकडणाऱ्या ‘ट्राय-कॅच’मध्ये घाला. गेम तिथे दुसऱ्या पानाच्या चौकटीत चालतो, आणि काही ब्राउझर अशा चौकटीला साठवण नाकारतात. तेव्हा न पकडलेली एक चूक सगळा डाव सुरूच होऊ देत नाही.

त्याच चौकटीमुळे कळाही पहिला क्लिक होईपर्यंत गेमकडे येत नाहीत, आणि बाणांच्या कळा दाबल्या की मैदान सोडून पान वर-खाली सरकतं. ‘सुरू करा’ बटणावर क्लिक घेतला आणि बाणांचं मूळ काम ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ने अडवलं की दोन्ही सुटतं.